ब्रिटनमधल्या ऑप्टोमेट्रिस्टची नोंदणी: नेमकं कुठे अडतं

ब्रिटनमध्ये डोळे तपासायचे तर जनरल ऑप्टिकल कौन्सिलच्या, म्हणजे जीओसीच्या, रजिस्टरवर नाव लागतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते नाव तिथे टिकवायला काय करावं लागतं, याबद्दल मात्र आपल्याकडून आलेल्या मुलामुलींमध्ये इतके गैरसमज आहेत की दर एप्रिलमध्ये कुणाचा तरी रडवेला फोन येतोच: "ताई, रजिस्टरवर माझं नावच दिसत नाहीये." तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

कायदा १९८९ चा, ऑप्टिशियन्स अ‍ॅक्ट. त्यानुसार नजरतपासणी फक्त नोंदणीकृत ऑप्टोमेट्रिस्ट किंवा डॉक्टरनेच करायची. 'ऑप्टोमेट्रिस्ट' हे पदनामही संरक्षित आहे. नाव रजिस्टरवरून निघालेलं असताना एक जरी पेशंट तपासला तरी तो गुन्हा ठरतो, मग नाव निघाल्याचं तुम्हाला माहीत असो वा नसो, पंचाईत तुमचीच.

दोन तारखा

नोंदणीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. दर वर्षी ३१ मार्चच्या आत ऑनलाइन अर्ज, त्यातली सगळी निवेदनं आणि शुल्क, तिन्ही पूर्ण व्हायला हवं. सीपीडीचं, म्हणजे नोंदणी झाल्यानंतरही चालू ठेवायच्या शिक्षणाचं चक्र वेगळं आहे. ते तीन कॅलेंडर वर्षांचं असतं. पहिलं १ जानेवारी २०२२ ला सुरू होऊन ३१ डिसेंबर २०२४ ला संपलं. त्यापुढचं १ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२७.

घोटाळा इथेच होतो. अर्ज मार्चमध्ये भरायचा, म्हणून सीपीडीचे पॉइंटही मार्चपर्यंत पूर्ण केले की झालं, असं लोक धरून चालतात. तसं नाही. डिसेंबर २०२७ अखेर पॉइंट कमी पडले तर मार्च २०२८ चं नूतनीकरण अडतं. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री जागून केलेले वेबिनार पुढच्या चक्रात जमा होतात, मागची तूट भरून काढत नाहीत. हे मी दोन हुशार, कामात चोख मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे. दोघींनाही विषय येत होता, तारीख मात्र चुकली.

शुल्काचाही एक खड्डा आहे. काही ठिकाणी नोकरी देणारी कंपनी ते शुल्क भरते किंवा नंतर परत देते, आणि मॅनेजर "आम्ही बघतो" म्हणून सांगतो. पण नोंदणी तुमच्या नावाची आहे, कंपनीच्या नव्हे. कार्ड नाकारलं गेलं, ईमेल जुन्या पत्त्यावर गेला, घर बदलल्याचं कळवायचं राहिलं, ही कारणं कुणी ऐकून घेत नाही. अर्ज भरल्यावर दोन दिवसांनी जीओसीच्या संकेतस्थळावरचं सार्वजनिक रजिस्टर उघडा आणि स्वतःचं नाव शोधून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. उत्पन्न कमी असलेल्यांना शुल्कात सवलत मिळते. अर्धवेळ काम करणाऱ्यांनी आणि बाळंतपणाच्या रजेवर असलेल्यांनी ती नक्की तपासावी. ती मागायला लाज वाटायचं काही कारण नाही.

३६ पॉइंट कसे मोजायचे

तीन वर्षांत ३६ पॉइंट, त्यांतले किमान १८ इंटरॅक्टिव्ह. इंटरॅक्टिव्ह म्हणजे जिथे तुम्ही दुसऱ्या माणसाशी बोलू, विचारू, उत्तर देऊ शकता. नंतर सवडीने पाहिलेलं रेकॉर्डिंग त्यात धरलं जात नाही, ते कितीही चांगलं असलं तरी. व्यावसायिकता, संवाद, क्लिनिकल काम, नेतृत्व व उत्तरदायित्व, अशी चार मुख्य क्षेत्रं आहेत आणि प्रत्येकात निदान एक तरी सीपीडी कार्यक्रम हवाच. आपली मंडळी क्लिनिकलमध्ये ढीगभर पॉइंट जमवतात. काचबिंदू, ओसीटी, केराटोकोनस, सगळं झालेलं असतं, आणि नेतृत्वाच्या रकान्यात शून्य. एकूण ३६ च्या वर गेले तरी तो एक रिकामा रकाना तुम्हाला अडवतो.

चक्राच्या सुरुवातीला पर्सनल डेव्हलपमेंट प्लॅन भरावा लागतो. तो आधी करून टाका.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जोडी: पीअर रिव्ह्यू आणि रिफ्लेक्टिव्ह एक्सरसाइज. नावं सारखी वाटतात म्हणून एक केलं की दुसरं झालं असं समजलं जातं. पीअर रिव्ह्यूत सहकाऱ्यांबरोबर बसून केसेसवर चर्चा होते. ऑप्टोमेट्रिस्टला चक्रात निदान एक लागतो. रिफ्लेक्टिव्ह एक्सरसाइजमध्ये तुमचा प्लॅन, तुमचं शिकणं आणि तुमचं काम यांवर एका सहकाऱ्याशी बोलायचं असतं आणि त्याची नोंद ठेवायची असते. दोन्ही सक्तीचे, दोन्ही वेगळे. एकटं काम करणाऱ्या लोकम, म्हणजे बदली कामावरच्या, मंडळींना बोलायला सहकारी सापडत नाही आणि हे शेवटच्या डिसेंबरपर्यंत लांबतं. पहिल्याच वर्षी कुणाला तरी गाठून ठेवा.

चक्राच्या मध्येच रजिस्टरवर आलेल्यांना पॉइंट कमी लागतात, त्यामुळे मैत्रिणीचा आकडा आपला समजू नका, स्वतःच्या खात्यातला पाहा. प्रमाणपत्रं जपून ठेवा. काही जणांच्या नोंदी तपासणीसाठी निवडल्या जातात.

प्रॅक्टिस न करणाऱ्यांसाठी जीओसीकडे वेगळं रजिस्टर नाही, हे मला मनापासून खटकतं. वर्षभर बाळाजवळ घरी असलात तरी नाव ठेवायचं तर सीपीडीची अट कायमच. मोठं आजारपण किंवा बाळंतपण यांसाठी अपवाद मागता येतो, पण तो आपोआप मिळत नाही, कागदपत्रं लागतात. चक्र संपायच्या आधी लिहा, संपल्यावर नव्हे.

विमा

विम्याशिवाय नोंदणी नाही. 'पुरेसा आणि योग्य' असा शब्दप्रयोग आहे आणि सगळी गोम त्या 'योग्य' शब्दात आहे. आठवडाभर ज्या कंपनीत काम करता तिचा विमा शनिवारी दुसऱ्याच्या दुकानात केलेल्या लोकम कामाला लागू होईल असं समजू नका. लेखी विचारा. नसेल तर व्यावसायिक संघटनेच्या सभासदत्वातून स्वतःचं कवच घ्या.

जीओसी झालं, आता एनएचएस

जीओसीची नोंदणी मिळाली म्हणजे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, नजरतपासण्या करता येतात, असं नाही. इंग्लंडमध्ये त्यासाठी ऑफ्थॅल्मिक परफॉर्मर्स लिस्टवर वेगळं नाव लागतं. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था आणखी वेगळी. इथे महिनेच्या महिने जातात आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्हेविषयक पार्श्वभूमीचा दाखला.

या दाखल्यासाठी पत्त्याचा पुरावा मागतात. नव्याने आलेला माणूस चौघांबरोबर घरात राहतो, विजेचं बिल घरमालकाच्या नावावर, कौन्सिल टॅक्स पाचव्याच कुणाच्या. मग उरतं बँकेचं स्टेटमेंट. ते तीन महिन्यांच्या आतलं हवं, आणि अ‍ॅपमधून घरी छापलेली प्रत बहुधा परत येते. आल्या आल्या बँकेला टपालाने स्टेटमेंट पाठवायला सांगा. नोकरी लागेपर्यंत थांबू नका.

दाखला हातात पडला की तो अपडेट सर्व्हिसला, म्हणजे तोच दाखला पुढच्या ठिकाणीही चालू देणाऱ्या ऑनलाइन सेवेला, जोडायला फक्त ३० दिवस मिळतात, तेही दाखल्यावरच्या तारखेपासून. पाकीट तुमच्या दारात पडलं त्या दिवसापासून नव्हे. ही मुदत हुकली की पुढच्या ठिकाणी पुन्हा नवा दाखला. एका साध्या फॉर्मसाठी एवढी आडमुठी मुदत कशाला, हे मला आजवर समजलेलं नाही, पण मुदत आहे. दाखला येताच जोडून टाका.

आपल्याकडची कागदपत्रं

भारतातली पदवी घेऊन थेट नोंदणी होत नाही. अर्जाची छाननी होते. तिथे दोन कागद घाम फोडतात.

पहिला म्हणजे गुड स्टँडिंगचा दाखला: तुमच्यावर कारवाई झालेली नाही असं तुमच्या देशातल्या नियामकाने लिहून देणं. भारतात ऑप्टोमेट्रिस्टना आवाक्यात घेणारा केंद्रीय कायदा २०२१ साली झाला. त्याआधी शिकून काम केलेल्यांच्या मागे असा केंद्रीय वैधानिक नियामकच नव्हता. ऑप्टोमेट्री कौन्सिल ऑफ इंडिया ही स्वनियमन करणारी संस्था. तिचं कार्ड उपयोगी आहे, पण ते वैधानिक नोंदणीची जागा घेत नाही, आणि ते तसं आहे असं अर्जात लिहिलं तर चुकीची माहिती दिल्याचा ठपका येऊ शकतो. रकाना कोरा सोडू नका. जी परिस्थिती आहे ती तारखांसह लेखी मांडा, कॉलेजचं आणि काम केलेल्या रुग्णालयाचं पत्र जोडा, आणि याऐवजी काय चालेल हे शुल्क भरण्याआधी ईमेलने विचारून घ्या.

दुसरी अडचण नावाची. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, काहींवर आईचंही. पासपोर्टवर क्रम उलटा. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. जीओसीच्या टेबलावर मात्र त्या तीन वेगळ्या बायका ठरतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाचं राजपत्र, दोन्ही निघायच्या आधी मिळवा. इथून नातेवाइकांना खेटे घालायला लावणं फार जड जातं.

रोजच्या कामातली बंधनं

जीओसीची सुधारित व्यावसायिक मानकं १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. ती एकदा शांतपणे वाचा. मी फक्त तक्रारी जिथून येतात तेवढं सांगते.

तपासणी संपताच चष्म्याचा नंबर लेखी, सहीसह द्यायचा, किंवा चष्म्याची गरज नाही असं लिहून द्यायचं. पेशंट चष्मा तुमच्याकडून घेवो वा न घेवो. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, त्यावर लिहिण्याची कायद्याची सक्ती नाही, तेव्हा मागणाऱ्याशी वाद न घालता तसं नीट समजावून सांगा. १६ वर्षांखालच्या मुलांचा चष्मा नोंदणीकृत व्यक्तीने किंवा तिच्या देखरेखीखालीच द्यायचा, आणि देखरेख करणारा दुकानात हजर हवा. फोनवर उपलब्ध असणं पुरत नाही. नंबर नसलेल्या रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सनाही विक्रीचे निर्बंध आहेत.

गाडी चालवण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड. २० मीटरवरून नंबरप्लेट वाचता यायला हवी आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/१२ दिसायला हवं. आपल्याच समाजातले काका समोर बसलेले असतात, मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, गेलेला असतो, आणि ते म्हणतात, "बेटा, हे लिहू नकोस, देवळात जायला गाडी लागते." आधी त्यांना गाडी थांबवायला आणि डीव्हीएलएला, म्हणजे वाहन परवाने देणाऱ्या सरकारी खात्याला, स्वतः कळवायला सांगा, तसं सांगितल्याची नोंद करा. ते ऐकत नसतील आणि लोकांच्या जिवाला धोका असेल, तर गोपनीयता मोडून तुम्ही कळवू शकता. जीओसीचं मार्गदर्शन तेच सांगतं. काकांना कळवत आहोत हे शक्यतो आधी सांगा. फार जड जातं, मला माहीत आहे.

पोलिसांची कॉशन म्हणजे औपचारिक ताकीद, न्यायालयात शिक्षा, दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा, यांतलं काही घडलं तर मार्चच्या अर्जाची वाट न पाहता कळवायचं. मूळ गोष्टीपेक्षा ती लपवल्यामुळे जास्त नुकसान होतं.

नाव निघालंच असेल तर

त्या सकाळचे सगळे पेशंट रद्द करा. मॅनेजरला सांगा, विमा कंपनीला सांगा, आणि नाव निघाल्यानंतर किती जणांना तपासलं याची खरी यादी करा, कारण एनएचएसकडे केलेले पैशांचे दावे त्यात अडकलेले असतात. पुनर्नोंदणीचा अर्ज आणि त्याचं शुल्क वेगळं असतं. सीपीडीची तूट असेल तर ती आधी भरावी लागते. "एवढे दोनच पेशंट उरकून घे" असं कुणी म्हटलं तरी नको. अर्ज मंजूर झाल्याचा ईमेल येऊन रजिस्टरवर स्वतःचं नाव पुन्हा दिसेपर्यंत ट्रायल फ्रेमला, म्हणजे नंबर तपासायच्या चौकटीला, हात लावू नका.