वेब सेवा

वेब सेवा : एका संगणकावरील प्रणालीने दुसऱ्या संगणकावरील प्रणालीकडे इंटरनेटवरून माहिती मागावी किंवा एखादे काम सोपवावे आणि तिने आधी ठरलेल्या मांडणीत उत्तर द्यावे, अशी व्यवस्था. संकेतस्थळाचे पान माणसाने वाचण्यासाठी असते. वेब सेवेचे उत्तर वाचणारा प्रोग्रॅमच असल्याने त्यात चित्रे, रंग, मेन्यू यांपैकी काही नसते. फक्त रकान्यांची नावे आणि त्यांतील मूल्ये असतात. दोन्ही बाजूंच्या प्रणाली वेगळ्या भाषांत लिहिलेल्या आणि वेगळ्या कंपन्यांच्या मालकीच्या असल्या तरी अडत नाही, कारण त्यांच्यात सामाईक असतो तो केवळ निरोपाचा नमुना आणि तो वाहून नेणारा एचटीटीपी हा प्रोटोकॉल (देवाणघेवाणीचे ठरलेले नियम). विकासकांच्या रोजच्या बोलण्यात वेब सेवेला सरसकट एपीआय म्हटले जाते.

या कल्पनेला आजचे रूप १९९८ नंतर आले. त्या वर्षी एक्सएमएल (माहिती नावांच्या खुणांमध्ये बांधून लिहिण्याची मांडणी) वापरणारी एक्सएमएल-आरपीसी ही साधी पद्धत पुढे आली आणि तिच्यातूनच सोप हा अधिक काटेकोर प्रोटोकॉल वाढला, त्याची १.२ ही आवृत्ती डब्ल्यू३सी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने जून २००३ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. सोपमध्ये प्रत्येक निरोप एक्सएमएलच्या पाकिटात घातलेला असतो आणि सेवा कोणती कामे करते, प्रत्येक कामाला कोणती माहिती कोणत्या प्रकारात लागते, हे डब्ल्यूएसडीएल या वेगळ्या दस्तऐवजात लिहिलेले असते. ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून कोल्हापूरच्या उद्यमनगरातला पॅटर्नमेकर (ओतकामाच्या साच्यासाठी नमुना घडवणारा कारागीर) जसा ग्राहकाला न भेटता पॅटर्न बनवू शकतो, तसा या दस्तऐवजावरून विकासक सेवा देणाऱ्याशी न बोलता आपला प्रोग्रॅम लिहू शकतो. सेवांची एक सार्वजनिक सूची असावी आणि प्रोग्रॅमनेच तिच्यातून हवी ती सेवा शोधून घ्यावी, असाही बेत होता. यूडीडीआय नावाची ही सूची २००० साली जाहीर झाली. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी तिचे सार्वजनिक केंद्र २००६ मध्ये बंद केले. व्यापारी आधी माणूस पारखतो आणि मग करार करतो, ही साधी गोष्ट त्या योजनेच्या हिशेबात नव्हती असे म्हणावे लागते.

रॉय फिल्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात रेस्ट ही रचनाशैली मांडली. तिच्यात प्रत्येक वस्तूला, उदाहरणार्थ एखाद्या ऑर्डरला किंवा बिलाला, स्वतःचा पत्ता असतो आणि एचटीटीपीमधील गेट, पोस्ट, पुट, डिलीट या क्रियांनीच तिच्यावर काम केले जाते. एक्सएमएलऐवजी जेसन ही आटोपशीर मांडणी रूढ झाल्यावर नव्या सेवा बहुतांशी याच वाटेने गेल्या. तरीही सोप कालबाह्य झाला असे समजणे घाईचे आहे, कारण बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रणालींत तो आजही चालतो. एक्सएमएलचेही तसेच आहे. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरील दुकानात स्कॅन करून दिलेले यूपीआयचे पैसे बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था यांच्यात ज्या निरोपांनी फिरतात, ते एक्सएमएलमध्येच असतात.

कोल्हापूरच्या उद्योजकाचा वेब सेवेशी सर्वांत थेट संबंध येतो तो वस्तू व सेवा कराच्या (जीएसटी) ई-इन्व्हॉइसमुळे, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या पद्धतीमुळे. ही पद्धत १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना लागू झाली आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. त्यामुळे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील अनेक मध्यम फाउंड्री आणि मशीनशॉप तिच्या कक्षेत आले. शिरोलीतून पुण्याच्या ग्राहकाला एचएसएन ७३२५ (करासाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) खालील कास्टिंग पाठवायचे असेल, तर डिस्पॅचवाला ईआरपीमध्ये (कारखान्याचे सारे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बिल तयार करून एक बटण दाबतो. मागे घडते ते असे : प्रणाली आधी ओळख पटवून मर्यादित मुदतीचे टोकन (प्रवेशाचा तात्पुरता संकेत) घेते. मग विक्रेत्याचा २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक, खरेदीदाराचा क्रमांक, बिलाचा नंबर व तारीख, वजन, दर, करपात्र रक्कम आणि दोन्ही पक्ष महाराष्ट्रातलेच असल्याने केंद्राचा व राज्याचा निम्मा-निम्मा कर, असे सारे जेसनमध्ये बसवून नोंदणी पोर्टलकडे पाठवते. पोर्टल रकमांचा मेळ तपासते, चौसष्ट अक्षरी आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) देते आणि डिजिटल सही केलेला क्यूआर कोड परत पाठवते. वाहतुकीचा तपशील त्याच विनंतीत दिलेला असल्यास मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिलही सोबत निघते. हे सर्व सुरळीत झाले तर काही सेकंदांचे काम असते आणि एमएच-०९ पासिंगचा टेम्पो गेटवर थांबून राहत नाही.

सुरळीत न झाल्यास काय, हाच वेब सेवेचा खरा कठीण भाग होय. विनंती गेली, पण उत्तर येण्याआधी लाइन तुटली किंवा टाइमआउट झाला, तर पाठवणाऱ्याला तीन शक्यतांपैकी कोणती घडली हे कळायला मार्ग नसतो : विनंती पोचलीच नाही, पोचली पण काम अपुरे राहिले, किंवा काम पूर्ण झाले आणि फक्त उत्तर हरवले. अशा वेळी पुन्हा पाठवणे सुरक्षित आहे का, हे सेवेच्या रचनेवर ठरते. ई-इन्व्हॉइसच्या आखणीत याचा चांगला विचार दिसतो. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून शा-२५६ या गणिती पद्धतीने काढला जातो, त्यामुळे तेच बिल कितीदाही पाठवले तरी क्रमांक तोच निघतो. दुसऱ्या खेपेला पोर्टल २१५० ही दुबार नोंदणीची त्रुटी दाखवते आणि तिच्यासोबत आधीच्या नोंदणीचा तपशील देते. जाणता विकासक ही त्रुटी लाल अक्षरांत पडद्यावर फेकत नाही. तिच्यातला आयआरएन उचलून बिलावर छापतो.

हे माहीत नसले की डिस्पॅचचा माणूस गाडी खोळंबल्याच्या गडबडीत बिलाचा नंबर बदलून पुन्हा पाठवतो आणि एका मालाची दोन बिले पोर्टलवर उभी राहतात. आयआरएन रद्द करता येतो तो चोवीस तासांच्या आतच. पुढे क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा दस्तऐवज) काढून निस्तरावे लागते. पैशांच्या देवाणघेवाणीत ही अडचण अधिक महागात पडते. म्हणून चांगल्या पेमेंट सेवा प्रत्येक विनंतीसोबत पाठवणाऱ्याने दिलेला एक अनन्य क्रमांक घेतात आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास रक्कम दुसऱ्यांदा न कापता पहिलेच उत्तर परत करतात.

एचटीटीपीचे उत्तर-क्रमांक येथे उपयोगी पडतात. ४०० च्या घरातील क्रमांक साधारणतः विनंतीतच खोट असल्याचे सांगतात, तेव्हा तीच विनंती पुन्हा पाठवण्यात अर्थ नसतो. ५०३ आल्यास समोरचा सर्व्हर तात्पुरता हतबल असतो, तेव्हा दर खेपेला अंतर वाढवत प्रयत्न करावेत. ४२९ म्हणजे विनंत्या फार झाल्या. महिनाअखेरीस, सगळ्या कारखान्यांची बिले एकदम निघतात त्या वेळी, दर सेकंदाला पुन्हा धडकणारी प्रणाली स्वतःचीच गैरसोय वाढवते.

निरोप उलट दिशेनेही येतो, त्यास वेबहुक म्हणतात. कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या दुकानदाराची प्रणाली पेमेंट गेटवेला सारखी विचारत बसत नाही. पैसे जमा झाले की गेटवेच तिला कळवतो. हा निरोप दोनदा येऊ शकतो आणि कोणी तोतयाही पाठवू शकतो. सबब सहीची पडताळणी केल्याशिवाय आणि ऑर्डर आधीच पूर्ण झाली नाही ना हे पाहिल्याशिवाय माल पॅक करू नये.

ऑफिसच्या आतही वेब सेवा असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर एचटीटीपी सर्व्हर म्हणून चालवता येते. सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकाच्या नेटवर्कवरील प्रवेशद्वारावर) ते एक्सएमएलमधील व्हाउचर स्वीकारते आणि खात्यांचे अहवालही देते. वजनकाट्याच्या किंवा ईआरपीच्या नोंदी टॅलीत पुन्हा हाताने न भरता चढवण्याचा हा स्वस्त मार्ग आहे. मात्र हे पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कबाहेर उघडे ठेवू नये. सुरक्षिततेबाबत बाकीचे नियमही जुनेच आहेत : वाहतूक एचटीटीपीएसवरूनच व्हावी, परवानग्यांसाठी २०१२ चे ओऑथ २.० सारखे रूढ प्रमाण वापरावे, आणि पोर्टलचा पासवर्ड व्हॉट्सॲपवरून सॉफ्टवेअरवाल्याकडे पाठवण्याची सवय मोडावी.

सेवा विकत घेताना उद्योजकाकडून दर विनंतीमागचा भाव विचारला जातोच. त्यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. चाचणीसाठी सँडबॉक्स (खऱ्या व्यवहारांपासून वेगळी सराव-प्रणाली) आहे का, मांडणी बदलणार असल्यास किती आधी कळवले जाते, जुनी आवृत्ती किती काळ चालू राहते आणि सेवा बंद पडल्यास फोन कोण उचलतो, यांची उत्तरे लेखी घ्यावीत. पाठवलेली प्रत्येक विनंती आणि आलेले उत्तर वेळेसह आपल्या बाजूला साठवून ठेवावे, कारण वाद निघाला की दुसऱ्या बाजूच्या नोंदींवर विसंबावे लागू नये.

प्रत्येक कारखान्याला ही जोडणी लागतेच असे नाही. दिवसाला मोजकीच बिले काढणाऱ्या युनिटला पोर्टलवर हाताने माहिती भरणे, किंवा एक्सेलमधून जेसन फाइल तयार करणारे एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेचे साधन वापरून ती एकदम चढवणे, पुरेसे होते. बिलांची संख्या वाढून टायपिंगच्या चुका क्रेडिट नोटांमध्ये दिसू लागल्या, की वेब सेवेचा खर्च हिशेबात बसतो.