होर्शोव्स्की: आठव्या-नवव्या वर्षापासून नव्व्याण्णवपर्यंत पियानो

मिएचिस्वाव होर्शोव्स्की हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, पण पियानोत इतकी लांब कारकीर्द क्वचितच कुणाची झाली असेल. जन्म १८९२ चा, ल्विवमधला, आता ते युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. पहिली गुरू आईच, आणि ती शिकलेली कारोल मिकुलीकडे, जो स्वतः पोलिश संगीतकार शोपँचा शिष्य, म्हणजे घराण्याची तालीम घरातच मिळाली म्हणा ना. सातव्या वर्षी व्हिएन्नात लेशेटित्स्की ह्या नामांकित पियानोगुरूकडे शिकायला गेला, १९०१ मध्ये वॉर्सात ऑर्केस्ट्राबरोबर बेथोवनचा पहिला कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, वाजवला, आणि मग दौरेच दौरे, १९०६ मध्ये तर थेट न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल.

आता खरी गोष्ट पुढे आहे. १९११ मध्ये, एवढं नाव झालेलं असताना, ह्या मुलाने कार्यक्रम बाजूला ठेवले आणि पॅरिसला सोर्बोन विद्यापीठात साहित्य, तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास शिकायला बसला. माझं तर ठाम मत आहे की ह्या ब्रेकनेच तो टिकला, कारण बालकलाकार म्हणून मिळणाऱ्या टाळ्यांवर जगायची सवय तिथेच सुटली. स्टेजवर परत ये म्हणून मागे लागला तो चेलोवादक पाब्लो कासाल्स, आणि ही दोस्ती आयुष्यभर राहिली, १९६१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये केनेडींसमोर कासाल्सने वाजवलं तेव्हा पियानोवर होर्शोव्स्कीच होते.

मधली वर्षं मिलानमध्ये गेली, मग महायुद्ध आलं, १९४० मध्ये अमेरिका गाठली आणि १९४२ पासून फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट ह्या संगीतशाळेत शिकवायला लागले. मरे पेराया, रिचर्ड गूड, पीटर सर्किन हे सगळे पियानोवादक त्यांच्याकडे शिकलेले. शरीरयष्टी लहानखुरी, हातही लहान, त्यामुळे ताकदीचा दिखावा कधी केलाच नाही, सूर गाता ठेवायचा एवढंच. १९५० च्या दशकात बेथोवनचं सोलो पियानोचं सगळं संगीत न्यूयॉर्कमध्ये वाजवून काढलं, १९६० मध्ये मोत्सार्टचे पियानो सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या अनेक भागांच्या रचना. लग्न केलं १९८१ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी!

पुढे नजर जवळजवळ गेली तरी पाठ असलेलं वाजवत राहिले, शेवटचा कार्यक्रम ऑक्टोबर १९९१ मध्ये फिलाडेल्फियात, वय नव्व्याण्णव. मे १९९३ मध्ये गेले, एकशे एकावा वाढदिवस महिन्यावर आला होता. नव्वदीनंतर नॉनसच ह्या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेली रेकॉर्डिंग्ज मिळतात, त्यातला शोपँ आधी ऐका.