भगर: डोंगरातलं पोटभरीचं, एकादशीचं फराळाचं

एकादशीला धान्य चालत नाही, भगर चालते. आता भगर म्हणजे धान्यच की! उभ्या पिकाला वरई म्हणायचं. टरफल काढून पांढरी केली की ती भगर, मुंबई-पुण्याकडे 'वरीचे तांदूळ'.

नाशिक जिल्ह्यात ती पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या मुरमाड उतारांवर पिकते. राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या जमिनीत, रोप करायचं, पावसात लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. कोकणा आणि महादेव कोळी घरांत नागलीसोबत (नाचणीसोबत) वरई हे उपासाचं नव्हे, पोटभरीचं अन्न. कणसरी ही तिथली धान्याची देवी. नवं धान्य आधी देवाला, मग चुलीवर.

उपवासाच्या ताटाची वाट वेगळी आहे. श्यामाक म्हणजे सावा आणि नीवार म्हणजे देवभात, ही न नांगरता उगवणारी धान्यं जुन्या धर्मशास्त्रात मुनिअन्न मानली गेली. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नियमही त्याच धाटणीचा. सावाच्या पंगतीत त्याच्यासारखीच दिसणारी वरई बसली आणि तिथेच राहिली. खरं तर काटेकोर पाहिलं तर औत चालत नाही अशा उतारावरची, कुदळीनं खणून लावलेली वरईच काय ती नियमात बसेल. पण साबुदाण्यापुढे ही तक्रार फिकी पडते. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा, मिरची ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. तमिळनाडूतल्या सेलमचा साबुदाणा उद्योग तर 1943 च्या सुमाराचा. शास्त्रात नावच नाही, म्हणून बंदीही नाही.

वरई उखळात कांडणं हे बायकांचं कंबर मोडणारं काम होतं. ते नाशिकच्या भगर मिलांनी उचललं आणि शहर या धंद्याचं केंद्र बनलं. मिलमध्ये मुख्य कटकट खड्यांची. दाण्याएवढा खडा चाळणीत सापडत नाही. घरीही भगर पाण्यात रोळूनच घ्यावी लागते.

दुसरा धोका बुरशीचा. नवी भगर दिवाळीनंतर येते, म्हणजे आषाढी ते नवरात्र आपण पावसाळा काढलेला माल खातो. ओल लागली की त्यावर अस्परजिलस बुरशी वाढते, तिचं विष पोटात गेलं की मळमळ, उलट्या, चक्कर, अंग थरथरणं. शिजवल्यानं ते जाईलच असं नाही. म्हणून सुटी भगर टाळावी, पाकिटावरची तारीख पाहावी, कुबट वास आला तर फेकावी. पीठ आदल्या आठवड्यात दळून ठेवू नये. पीठ दाण्यापेक्षा लवकर ओल धरतं.

शिजवताना 1 वाटी भगर तीन पाण्यांनी धुऊन निथळायची, चमचाभर तुपात जिरं-मिरचीवर 2-3 मिनिटं परतायची. मोकळी हवी तर अडीच वाट्या, मऊ हवी तर 3 वाट्या पाणी, पण उकळतंच. गार पाणी ओतलं किंवा धुण्यात कंटाळा केला की गोळा होतो. झाकण ठेवून मंद आचेवर 8-10 मिनिटं. सोबत दाण्याची आमटी: अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचं वाटण, 2 वाट्या पाणी, 3-4 आमसुलं, गुळाचा खडा. आमसुलं शेवटी टाकावीत, आधी टाकली तर आमटी फार आंबट होते.