मायग्रेन आणि डोकेदुखीवरचं क्लिनिकल रिसर्च (खान्देशच्या संदर्भात)

मायग्रेन म्हणजे अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी, क्लस्टर डोकेदुखी (एका डोळ्याभोवती अतिशय तीव्र दुखण्याचे झटके) असे जे डोकेदुखीचे आजार आहेत त्यांच्यावर प्रत्यक्ष पेशंटना सोबत घेऊन जो अभ्यास होतो त्याला डोकेदुखीचं क्लिनिकल रिसर्च म्हणतात. जगात १०० कोटींहून जास्त लोकांना मायग्रेन आहे, बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट ते तिप्पट.

मायग्रेन रक्त तपासून कळत नाही आणि एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, त्यामुळे सगळी भिस्त पेशंटच्या सांगण्यावर. ते सांगणं सगळीकडे एकाच मापाने मोजता यावं म्हणून इंटरनॅशनल हेडेक सोसायटीने १९८८ मध्ये वर्गीकरण केलं, तिसरी आवृत्ती २०१८ ची. त्यात मायग्रेनचा अटॅक उपचार न घेता ४ ते ७२ तास चालतो, एका बाजूला ठणकतं, चाललं-वाकलं की वाढतं, मळमळतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, अशी लक्षणं धरलीत.

औषधाची ट्रायल घ्यायची तर आधी काही आठवडे पेशंटने डायरी लिहायची, कोणत्या दिवशी दुखलं, किती वेळ, कोणती गोळी घेतली. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात, एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, कारण नुसत्या गोळी घेतल्याच्या विश्वासानेही बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं आणि तो फरक वजा केल्याशिवाय औषधाचा खरा गुण कळत नाही. अटॅकच्या गोळीत दोन तासांनी दुखणं पूर्ण थांबलं का ते बघतात, अटॅक टाळायच्या औषधात महिन्यातले मायग्रेनचे दिवस किती कमी झाले ते.

या क्षेत्रातली मोठी गोष्ट म्हणजे सीजीआरपी नावाचा, मज्जातंतूंतून सुटणारा पदार्थ. लार्स एडविन्सन आणि पीटर गोड्सबी या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं की अटॅक चालू असताना तो मानेच्या शिरेतल्या रक्तात वाढलेला असतो, मग अनेक वर्षांच्या कामानंतर २०१८ मध्ये अमेरिकेत त्याचं काम अडवणाऱ्या एरेनुमॅब इंजेक्शनला मंजुरी मिळाली, आणि मेंदूवरच्या संशोधनासाठी दिलं जाणारं २०२१ चं ब्रेन प्राइज या दोघांसोबत येस ओलेसेन आणि मायकल मॉस्कोविट्झ यांना मिळालं.

आता खान्देश. जळगाव-भुसावळचं ऊन एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या आसपास जातं आणि ऊन, उपाशी राहणं, जागरण, न्हाणं या गोष्टींनी अटॅक येतो असं भारतातले पेशंट नेहमी सांगतात, म्हणजे कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत जाणाऱ्या बाईच्या रोजच्याच गोष्टी. ती मात्र कपाळाला फडकं बांधून काम उरकते आणि मेडिकलवरून गोळी आणते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर घेतली तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागू शकतं, ही गोष्ट गावागावात सांगायला हवी. कर्नाटकात घरोघरी फिरून केलेल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन झालेले सुमारे २५ टक्के निघाले होते. तसं काम खान्देशातही व्हायलाच हवं, धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत.

फक्त डायरी इथल्या माणसांना जमेल अशी पाहिजे. दुखणं तारखेने नाही तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, पोळ्यानंतर असं आठवतं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांच्या खुणा लागतील, आणि संमतीपत्र अहिराणी किंवा पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्याला त्याच्या बोलीत समजावून सांगायला हवं. भारतात २००९ पासून क्लिनिकल ट्रायलची सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये आधी नोंद करावी लागते, ते ऑनलाइन कुणालाही बघता येतं, आणि ट्रायलमधून कधीही बाहेर पडायचा हक्क पेशंटला आहे, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.