सोलरची घाई आणि बडोद्यातल्या शेडचं हस्तांतर

गुजरातचं पहिलं सौरऊर्जा धोरण 2009 चं. 2012 मध्ये पाटण जिल्ह्यात चारणक्याचं सोलर पार्क सुरू झालं आणि जानेवारी 2015 मध्ये बडोद्याच्या नर्मदा शाखा कालव्यावर 10 मेगावॉटचा प्रकल्प. पण ते सगळं ओसाड जमिनीवर नाहीतर पाण्यावर उभं राहिलं. औद्योगिक वसाहतींतल्या जागेवर त्याचा भार पडला नाही.

तो पडला सौर पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यांमुळे. 1 एप्रिल 2022 पासून आयात मॉड्यूलवर, म्हणजे तयार पॅनेलवर, 40 टक्के आणि ते ज्यांपासून बनतं त्या सेलवर 25 टक्के सीमाशुल्क लागलं. मान्यताप्राप्त मॉड्यूलची सरकारी यादी (सरकारी प्रकल्पांत त्यातलीच मॉड्यूल चालतात) वर्षभर स्थगित राहून एप्रिल 2024 मध्ये पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी आलेल्या घरगुती छतांच्या योजनेत अनुदानासाठी देशी माल सक्तीचा झाला. प्रत्येक निर्णयाला तारीख होती, त्यामुळे कारखानदाराकडे वेळ नव्हता. नवा प्लॉट घेऊन बांधकाम करा, उच्चदाबाच्या जोडणीसाठी थांबा, एवढी सवड कुणाला? मॉड्यूलच्या लाइनला लांब, मध्ये खांब नसलेली शेड लागते. काच, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेम आणि तयार माल तर याहून जास्त जागा खातात. शिवाय ट्रान्सफॉर्मर, केबल, सांगाडे करणारे जुने कारखाने बडोद्यातल्या मकरपुरा वसाहतीपासून शेजारच्या हालोलपर्यंत आधीपासूनच आहेत. म्हणून वीजजोडणी असलेली चालू शेड मोलाची झाली.

आणि इथेच खरा गुंता. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाचा प्लॉट विकत मिळत नाही, 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. धारक तो दुसऱ्याला देतो तेव्हा परवानगी लागते, हस्तांतर शुल्क भरावं लागतं, दस्तावर मुद्रांक शुल्क असतंच. यावर जीएसटी खात्याने 18 टक्के मागायला सुरुवात केली. भाडेपट्टा ही सेवा, म्हणून त्याचं हस्तांतरही सेवा, असा खात्याचा युक्तिवाद. धारकांचं म्हणणं वेगळं: आम्ही जमिनीतला हक्कच कायमचा सोडतो, परत काही घेत नाही, जमीन-इमारतीची विक्री जीएसटीबाहेर आहे, तसंच हेही. गंमत नव्हे, पण महामंडळाकडून पहिल्यांदा प्लॉट घेताना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याच्या अधिमूल्यावर, म्हणजे सुरुवातीला भरायच्या रकमेवर, कर माफ, आणि तोच हक्क पुढे दिला की कर. चाळीस वर्षं लेथ चालवून निवृत्त होणाऱ्या मकरपुऱ्यातल्या छोट्या कारखानदाराची आयुष्याची पुंजी त्या शेडमध्ये असते. त्याला नोटीस धाडणं मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. घेणाराही अडायचा, कारण भरलेल्या कराची वजावट मिळेल की नाही यावरच वाद होता. 3 जानेवारी 2025 रोजी गुजरात उच्च न्यायालयाने निकाल दिला: अशा हस्तांतरावर जीएसटी लागत नाही.

शेडची निकड मात्र पुढे बदलेल. जून 2026 पासून सेलसाठीही मान्यताप्राप्त यादी लागू होण्याचं ठरलं आहे. सेलच्या कारखान्याला जुनी शेड पुरत नाही. अतिशुद्ध पाणी, स्वच्छ कक्ष, आम्लयुक्त सांडपाण्याची विल्हेवाट, सगळंच लागतं. बडोद्याचं औद्योगिक सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारी सुमारे 55 किलोमीटरची वाहिनी 1983 पासून आहे, पण ती धनोऱ्याच्या बाजूने, रासायनिक पट्ट्यातून जाते. सोलरवाले शेड शोधतात ते मंजुसर आणि हालोल दुसऱ्या दिशेला आहेत.