मे महिन्यात गिअरबॉक्सचं ऑइल पहाटे का बदलावं

ऑटोमॅटिक पिकअपच्या गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलता येतं. मात्र सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी ते काम काढू नये, कारण त्या उन्हात ऑइलची पातळी सहज चुकते.

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसच्या ऑटोमॅटिक मॉडेलसारख्या गाड्यांबद्दल मी बोलतोय. मार्केट यार्डात दिसणारे बहुतेक पिकअप हाताच्या गिअरचे असतात, त्यांचा हिशेब वेगळा.

हाताच्या गिअरबॉक्समध्ये ऑइल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच इंजिनची ताकदही पुढे नेतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनकडचं पात्यांचं चक्र ऑइल फेकतं आणि त्या माऱ्याने समोरचं चक्र फिरतं. दोन्हींच्या वेगात फरक असला की काही ताकद ऑइल घुसळण्यातच जाते आणि तिची उष्णता होते. सपाट हायवेवर लॉक-अप क्लच दोन्ही चक्रांना एकत्र जखडतो, त्यामुळे हा तोटा जवळपास थांबतो. पण डाळिंबाचे क्रेट लादून तुळजापूरचा घाट संथ गतीने चढताना लॉक बराच वेळ सुटलेला असतो. समजा इंजिन ६० किलोवॅट देतंय आणि त्यातले १५ टक्के कन्व्हर्टरमध्ये गेले, तर ९ किलोवॅट उष्णता झाली. पाणी तापवायचे दीड किलोवॅटचे सहा रॉड एकदम त्या ऑइलमध्ये सोडावेत, तेवढी! ही उष्णता बाहेर टाकायला कूलर असतो, पण बाहेरची हवाच ४२-४३ अंशांची असली की त्याचंही बळ कमी पडतं.

तापलेल्या ऑइलचा ऑक्सिजनशी संयोग होत राहतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांऐवजी ११० अंशांवर चाललेलं ऑइल चौपट वेगाने म्हातारं होतं. म्हणून नुसत्या किलोमीटरवरून ऑइलचं वय ठरवणं मला पटत नाही. जड माल आणि कडक उन्हासाठी बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत कमी अंतराचा वेगळा तक्ता दिलेला असतो. सोलापूरच्या मालवाहू गाडीने तोच पाळावा.

या उष्णतेत ऑइलमध्ये मिसळलेली रसायनंही खर्ची पडतात. ऑटोमॅटिकच्या क्लचप्लेटा ऑइलात बुडालेल्या असतात. त्यांनी घसरू नये, पण पकडताना हिसकाही देऊ नये, यासाठी धातूला एका टोकाने चिकटून राहणारे खास रेणू ऑइलमध्ये घातलेले असतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत हे काम स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलावर चालायचं. त्याच्या संरक्षणाचे कायदे आले आणि रसायनतज्ज्ञांना दुसरे पदार्थ शोधावे लागले. गाडीच्या गिअरमागे देवमासा उभा होता, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते. क्लचप्लेटेचं अस्तर आणि हे रेणू यांची जोडी जुळवलेली असते, त्यामुळे पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल घ्यावं. लाल रंगावर जाऊ नका, तो ओळखीसाठी घातलेला असतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी समपातळीत हवी. उचलायची असेल तर चारही बाजूंनी सारखी, आणि खाली भक्कम स्टँड लावून; नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली शिरू नये. ड्रेन नट, म्हणजे ऑइल सोडायचा खालचा नट, खोलण्याआधी भरायचा नट सुटतोय का ते पाहा. तो जाम निघाला आणि जुनं ऑइल आधीच सांडलं, तर गाडी दारातच अडकते. चेंबरमधल्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या, चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ थर असणं स्वाभाविक आहे. हाताला टोचणारे तुकडे मिळाले तर थांबा, ते काम आता मेकॅनिकचं.

सगळं ऑइल खाली येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. १० लिटरपैकी ४ निघालं असं धरू. एकदा बदलल्यावर ६० टक्के जुनं उरतं, मधे गाडी चालवून दुसऱ्यांदा बदललं की ३६, तिसऱ्यांदा सुमारे २२. निघालं ते मापून तेवढंच आधी भरायचं.

मग पातळी, आणि खरी मेख इथेच आहे. १० लिटर ऑइल ४० अंशांनी तापलं की सुमारे ३०० मिलिलिटर फुगतं. म्हणून अनेक गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, ऑइल ठरावीक तापमानाला असतानाच पातळीचा नट उघडायचा असतो. पातळीच्या वरचं ऑइल त्यातून वाहून जातं. तापमानाचा हा पट्टा बऱ्याचदा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतो. नेमका आकडा पुस्तिकेतला घ्यावा. दुपारी आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीचं ऑइल इंजिन सुरू करण्याआधीच त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोचलेलं असतं. फुगलेलं ऑइल जास्त वाहून जातं आणि पुढे ते कमी पडतं. कमी पडलं की पंप हवा ओढतो. जास्त झालं तर फिरते भाग त्याचा फेस करतात. दोन्हीकडे ऑइलात हवाच शिरते, हवा दबते, ऑइलचा दाब कमी होतो आणि क्लच घसरतो. पहाटे पारा तिशीच्या आसपास उतरलेला असताना ऑइल हळूहळू तापतं, आणि मोजायला हाताशी पुरेसा वेळ मिळतो.

काढलेलं ऑइल बंद कॅनमध्ये भरून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचेल अशा गॅरेजला द्यावं. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. वाळवीसाठी लाकडाला फासायला किंवा गटारात ओतायला ते नाही.