राफ्टिंग आणि कयाकिंग, पुणे परिसरातील

पुणेकर राफ्टिंगसाठी ताम्हिणी घाट उतरून रायगड जिल्ह्यातील कोलाडला, कुंडलिका नदीवर जातात. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात फोफावतात आणि दिवाळीनंतर आटत जातात. कुंडलिकेला मात्र उन्हाळ्यातही खळाळ असतो, कारण ते पाणी मूळचे तिचे नाही. मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येते व जनित्रे फिरवून कुंडलिकेत उतरते. एरवी भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला मिळाले असते, ते असे अरबी समुद्राकडे वळते. भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. धरणात मुळशी पेट्यातील गावे आणि भातखाचरे बुडणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांनी मुळशी सत्याग्रह उभारला होता. राफ्टिंगच्या माहितीत हा इतिहास सहसा येत नाही; तो यायलाच हवा.

वीजघरातून सकाळी पाणी सुटले की उघडे पडलेले धोंडे झाकले जातात आणि राफ्ट सुटतात. म्हणून सहली बहुधा सकाळच्या असतात. हवा भरलेल्या रबरी राफ्टच्या काठावर बसून पाऊल आतल्या आडव्या फुग्याखाली अडकवायचे. वल्ह्याच्या वरच्या टोकाची मूठ कधी सोडायची नाही. सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाण्यात पडल्यास उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पायांची बोटे पाण्यावर ठेवावीत. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा मोह जिवावर बेतू शकतो, कारण पाय खडकांच्या सांदीत अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो. लाइफ जॅकेटचे पट्टे उत्तम पोहणाऱ्यानेही घट्ट आवळावेत.

कयाक ही एक-दोघांची निमुळती होडी, वल्ह्याला दोन्हीकडे पाती. ती संथ पाण्यावर शिकावी. पवना जलाशयावर त्यासाठी सकाळची वेळ चांगली; दुपारी वारा उठला की नवशिक्याची होडी भलतीकडेच जाते.

शहरातली कयाक मुळा-मुठेच्या संगमाजवळ, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) बोट क्लबवर दिसते. तेथील रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, १९२८ पासूनचा. त्यातल्या कयाक बॅलेत विद्यार्थी संगीताच्या ठेक्यावर होड्यांच्या आकृती रचतात. हे संथ पाणीही बंडगार्डनच्या बंधाऱ्याने तुंबवलेले आहे, आणि जलपर्णी माजली की सरावाआधी ती काढावी लागते.